उंची 5 फूट 9 इंच, जागा पॉइंट गार्डची: कॉलेजनंतर पुढे काय?

न्यू जर्सीतल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा डिव्हिजन वनमधल्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा सर्वात वरचा गट) एका छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, बास्केटबॉल खेळतो. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारा, उंची 5 फूट 9 इंच, सामन्यामागे 15 गुण काढतो. त्याला व्यावसायिक खेळाडू व्हायचंय, आणि आईचं म्हणणं आहे की आधी इंजिनिअरिंगची पदवी हातात पडू दे. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्यात: उंचीमुळे दार बंदच आहे का, मोठ्या कॉलेजात बदली घ्यावी का, आणि एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सर्वात मोठी व्यावसायिक लीग, नाही जमलं तर युरोपात पोट भरतं का?

मी खेळायला शिकलो नागपुरात, सिमेंटच्या कोर्टवर. इकडे आल्यावर दोन छोट्या कॉलेजांत मिळून अठरा वर्षं सहायक कोच होतो, आता फक्त गार्डना वेगळं शिकवतो. माझी स्वतःची उंची 5 फूट 7 इंच. बुटक्यांची बाजू घेण्यात माझा स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा.

दार बंद नाही, पण तुम्ही ज्या दारासमोर उभे आहात ते बहुधा चुकीचं आहे. तुम्ही 15 गुण सांगितलेत. तो कोणाला अडवतो, हे सांगितलं नाहीत. मला भेटणारे सगळेच पालक गुणांपासून सुरुवात करतात, आणि व्यावसायिक संघ नेमकी ती गोष्ट सर्वात शेवटी बघतात.

ॲंटवान डेव्हिसचं उदाहरण घ्या. डेट्रॉइट मर्सी या कॉलेजचा 6 फूट 1 इंचाचा गार्ड. 2023 मध्ये त्याची कॉलेज कारकीर्द संपली तेव्हा नावावर 3,664 गुण होते. पीट मॅराविचचा डिव्हिजन वनचा विक्रम 3,667 चा. फक्त तीन गुण कमी पडले, म्हणजे एक लांबचा शॉट. (मॅराविचने ते तीन हंगामांत केले होते आणि डेव्हिसला पाच मिळाले, हे खरंच, तरी गुण ते गुण.) त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, डेव्हिसचं नाव पुकारलं गेलं नाही. त्याच्या चार वर्षं आधी कॅम्पबेल कॉलेजचा ख्रिस क्लेमन्स, उंची तुमच्या चिरंजीवांएवढीच, 5 फूट 9 इंच. 3,225 गुण, तेव्हाच्या यादीत इतिहासात तिसरा. त्यालाही कुणी निवडलं नाही. ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला संधी दिली, 2019-20 च्या हंगामात तो 33 सामने खेळला, आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर टाचेमागची शीर तुटली. दोघंही गुण काढण्यात एनबीएतल्या निम्म्या गार्डांपेक्षा कमी नव्हते. तिथे गुण काढणाऱ्यांचा तुटवडाच नाही.

कारण समजून घ्यायला बॉल विरुद्ध संघाच्या हातात असताना बघा. सध्याच्या बास्केटबॉलमध्ये बचाव करताना स्क्रीन लागली, म्हणजे समोरच्या संघातला एक जण आपल्या माणसाच्या वाटेत आडवा उभा राहिला, की बचाव करणारे आपापली माणसं अदलाबदल करतात, म्हणजे स्विच होतं. समोरचा कोच टाइमआऊटमध्ये एवढंच विचारतो: त्यांच्यात सगळ्यात बुटका कोण? मग तो बुटका ज्याला अडवतोय तो माणूस स्वतःच्या संघातल्या 6 फूट 8 इंचाच्या फॉरवर्डला स्क्रीन द्यायला येतो, स्विच होतं, आणि तुमचा मुलगा त्या फॉरवर्डसमोर एकटा उभा राहतो. फॉरवर्डने त्याच्या डोक्यावरून शॉट घेतला तर दोन गुण गेले. मदतीला दुसरा धावला तर कोपऱ्यात कुणीतरी मोकळा सुटतो आणि तीन जातात. हे एकदा नाही, तेच पुन्हा पुन्हा. प्लेऑफमध्ये तर शेवटच्या पाच मिनिटांत दुसरं काही चालतच नाही.

आमच्या कॉलेजातला एक पोरगा, उंची 5 फूट 8, ड्राफ्टआधी एका संघाच्या वर्कआऊटला गेला होता. सहा जण, तीनास तीन. रात्री त्याने फोनवर सांगितलं, “सर, मी सात शॉट टाकले, सातातले पाच आत.” मी विचारलं, “आणि डिफेन्सला?” थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “त्यांनी त्या उंच मुलाला माझ्याच बाजूला आठ वेळा पाठवलं. मला वाटलं योगायोग आहे.” योगायोग नव्हता. कडेला वही घेऊन बसलेल्या माणसाला ते आठच बघायचे होते. त्या संघाकडून पुन्हा फोन आला नाही.

आयझेया थॉमसची गोष्ट सगळे प्रेरणा म्हणून सांगतात. मी ती मुलांना इशारा म्हणून सांगतो. 5 फूट 9 इंच. वॉशिंग्टन विद्यापीठात तीन वर्षं, आणि 2011 च्या ड्राफ्टमध्ये 60 वा, म्हणजे अगदी शेवटचा. सॅक्रामेंटो, मग फिनिक्स, मग 2015 च्या फेब्रुवारीत बॉस्टन. 2016-17 मध्ये सामन्यामागे 28.9 गुण. त्या वसंतात बहीण अपघातात गेली, आणि काही दिवसांतच प्लेऑफच्या एका सामन्यात त्याने वॉशिंग्टनविरुद्ध 53 गुण काढले. तो सामना मी तीनदा पाहिलाय. पण पाहताना एक गोष्ट लक्षात घ्या. बॉस्टनने त्याच्याभोवती भिंत बांधली होती. समोरच्या संघातला सर्वात धोकादायक गार्ड एव्हरी ब्रॅडलीकडे, नाही तर मार्कस स्मार्टकडे. थॉमसला अशा माणसावर उभं करायचे की जो शॉट घेत नाही. एक तारा झाकण्यासाठी दोन-तीन चांगले बचावपटू खर्ची पडत होते, आणि 28.9 गुण येत होते म्हणून तो खर्च परवडत होता.

मग कंबरेच्या सांध्याची दुखापत झाली. ऑगस्टमध्ये कायरी अर्विंगच्या बदल्यात त्याला क्लीव्हलँडला दिलं. पहिलं पाऊल अर्ध्या पावलाने मंद झालं. अर्धं पाऊल मंद झालेला 6 फूट 5 इंचाचा गार्ड दहा वर्षं खेळतो. 5 फूट 9 चा नाही खेळत. 2018 मध्ये डेन्व्हरने त्याला एका वर्षासाठी किमान वेतनावर घेतलं, साधारण 20 लाख डॉलर. वर्षभरापूर्वी तो याच्या कितीतरी पटींनी मोठ्या कराराची वाट बघत होता. पुढे दहा-दहा दिवसांचे करार, आणि जी लीग, म्हणजे एनबीएच्या खालची लीग. डिसेंबर 2021 मध्ये ग्रँड रॅपिड्सकडून पहिल्याच सामन्यात 42 गुण काढले, म्हणजे गुण काढायला तो विसरला नव्हता.

आता टिकलेल्यांकडे बघू. मग्सी बोग्स, 5 फूट 3 इंच, एनबीएच्या इतिहासात याच्याहून बुटका कुणी नाही. वेक फॉरेस्ट कॉलेजातून 1987 मध्ये पहिल्या फेरीत 12 वा निवडला गेला. पहिल्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये त्याचा सहकारी होता 7 फूट 7 इंचाचा मनूट बोल. दोघांचा फोटो तुम्ही पाहिला असेल, जगाने त्याचा विनोदच केला. पुढच्या वर्षी शार्लटचा नवा संघ आला तेव्हा वॉशिंग्टनने बोग्सला राखलंही नाही. शार्लटचा असिस्टचा (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास) आणि स्टीलचा (हिसकावलेले बॉल) विक्रम त्याच्या नावावर आहे, आणि एकूण 14 हंगाम खेळला. कारण दोन. एक, त्याच्या हातून बॉल सुटत नसे. दुसरं, समोरच्या गार्डला बॉल जमिनीवर टाकायची भीती वाटे, कारण तो जमिनीलगतच वावरायचा. एवढ्या खाली वाकून बॉल वाचवायची सवय सव्वासहा फुटी माणसाला नसते.

बोग्सचा काळ वेगळा होता, तेव्हा स्विच इतकं चालत नसे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. म्हणून अलीकडचे बघा. होसे अल्वाराडो, जॉर्जिया टेक, कागदावर 6 फूट. 2021 मध्ये आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम बचावपटू, तरी ड्राफ्टमध्ये नाव नाही. न्यू ऑर्लिन्सने टू-वे करारावर घेतला, म्हणजे एनबीए आणि जी लीग दोन्हीकडे खेळवायच्या करारावर. समोरच्या संघाचा गार्ड बॉल घेऊन निवांत निघाला की हा बेसलाइनच्या कोपऱ्यात लपून राहायचा आणि मागून येऊन बॉल पळवायचा. गल्लीतल्या पोरांचा डाव, पण एनबीएत चालला. 2022 च्या प्लेऑफमध्ये त्याने क्रिस पॉलला आठ सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे नेऊ दिला नाही. क्रिस पॉलला! त्याच्या थोडंच आधी त्याला चार वर्षांचा पक्का करार मिळाला होता.

टी. जे. मॅककॉनेल, ॲरिझोना, 2015 मध्ये हाही निवडला गेला नाही. मार्च 2021 मध्ये क्लीव्हलँडविरुद्ध एकाच सामन्यात 10 स्टील, त्यातले 9 पहिल्या अर्ध्यात. आणि फ्रेड व्हॅनव्ह्लीट, ज्याच्याविषयी खाली पुन्हा बोलू: 2019 च्या फायनलमध्ये टोरांटोने स्टेफन करीच्या अंगावर एकच माणूस सोडला आणि बाकी चौघांचा चौकोन मागे उभा केला, तेव्हा तो एक माणूस हा सहा फुटी व्हॅनव्ह्लीट होता.

थोडक्यात, तुमच्या मुलाला 6 फूट 8 च्या माणसाला थांबवता येणार नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. त्याने करायचं ते हे: समोरचा संघ तो स्विच घडवून आणायला लागण्याआधीच घड्याळातले सेकंद खायचे. 94 फुटांच्या कोर्टवर बॉल आत आल्यापासून गार्डला चिकटायचं. एनबीएत शॉटसाठी 24 सेकंद असतात. त्यातले सात अर्ध्या कोर्टापर्यंत यायलाच गेले आणि दोन खेळी मांडण्यात, तर स्विच होऊन फॉरवर्ड तयार होईपर्यंत उरतात जेमतेम दहा-बारा. आणि स्विच झालंच, तर मागचा मोठा सहकारी त्याला हाक मारून बाहेर ढकलतो आणि स्वतः जागा घेतो. ती हाक अर्धा सेकंद उशिरा ऐकू आली तरी सगळं संपतं. यासाठी लागणारा दम वेगळाच असतो. 15 गुण काढणाऱ्या मुलांना डिफेन्सच्या वेळी विश्रांती घ्यायची सवय लागलेली असते, आणि छोट्या कॉलेजचा कोचही डोळेझाक करतो, कारण त्याला त्याचे गुण हवे असतात. मीही केलीय.

आता बॉल हातात असतानाचं. कॉलेज आणि एनबीएच्या कोर्टमध्ये कागदावर फरक थोडे दिसतात, पण बुटक्या गार्डसाठी तेच सगळं ठरवतात. कॉलेजची तीन गुणांची रेषा 2019-20 पासून 22 फूट पावणेदोन इंचांवर आहे, युरोपातही तीच, 6.75 मीटर. एनबीएत समोरून 23 फूट 9 इंच. आणि एनबीएत बचाव करणाऱ्याला, अगदी जवळ माणूस नसेल तर, रंगवलेल्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. कॉलेजात आणि युरोपात तसं बंधन नाही. म्हणजे एनबीएत वाट मोकळी मिळते, पण वाटेच्या टोकाला 7 फूट 4 इंच हातांच्या पल्ल्याचा माणूस टपलेला असतो. कॉलेजात वाटच गर्दीची, पण टोकाला असतो 6 फूट 8 चा कुणीतरी बीए-पार्ट टू. तुमचा मुलगा कॉलेजात ज्या लेअपवर (रिंगजवळ जाऊन टाकलेल्या शॉटवर) 15 पैकी 6 गुण काढत असेल, त्या लेअप पुढे जाऊन नाहीशा होतील.

त्यांच्या जागी काय यायला हवं, ते एका खेळीत दाखवतो. उजवीकडे स्क्रीन लागलीय. त्याला अडवणारा स्क्रीनमागे अडकला, पण अर्धं पाऊलच मागे आहे. समोर त्यांचा सेंटर, म्हणजे रिंग राखणारा उंच माणूस, मागे सरकून उभा, टाचा रिंगखालच्या अर्धवर्तुळाच्या कडेला. साधा गार्ड इथे वेग वाढवतो. मी सांगतो, थांब. वेग कमी कर. मागून येणाऱ्याला पाठीवर घे, त्याची छाती तुझ्या पाठीला लागली पाहिजे, म्हणजे तो खेळातून गेला. आता तू आणि स्क्रीन देणारा असे दोघांसमोर सेंटर एकटा आहे, आणि ठरवायचंय त्याला. रिंगपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही पाय एकदम टेकव. सेंटरच्या टाचा जमिनीवरच असतील तर तिथूनच बॉल तळव्यावरून उंच उचल, ज्याला फ्लोटर म्हणतात. टाचा उचलल्या गेल्या, म्हणजे तो उडी मारतोय, तर डाव्या कंबरेजवळून एका हाताने जमिनीवर टप्पा देऊन पास, त्याच्या पायांजवळून मागे पळणाऱ्या आपल्या माणसाला. डोळे रिंगवर, निर्णय टाचांवर. 6 फूट 5 चा गार्ड हे डोक्यावरून बघून करतो. आपल्याला खालून बघावं लागतं. मी मुलांना व्हिडिओ दाखवताना वरचा अर्धा पडदा पुठ्ठ्याने झाकतो आणि नुसते पाय दाखवतो. पहिल्या आठवड्यात वैतागतात.

ट्रॅपचं, म्हणजे बॉल असलेल्याला दोघांनी घेरण्याचं, मात्र वेगळं. दोघं अंगावर आले की बुटक्याला त्यांच्या पलीकडचं दिसतच नाही, म्हणून ट्रॅप लागल्यावर सोडवायचा नसतो, लागायच्या आधी दोन ड्रिबल मागे येऊन जागा करायची असते. तुमचा मुलगा ट्रॅपमध्ये उडी मारून पास देत असेल तर ती सवय आजच मोडा.

बदलीचा प्रश्न. पूर्वी मी सरळ नको म्हणायचो. आता गणित बदललंय. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि 2025 पासून कॉलेजं स्वतःच्या उत्पन्नातला वाटा थेट देऊ शकतात. बदलीसाठी वर्षभर बाकावर बसण्याची अटही आता नाही. त्यामुळे चांगल्या गार्डला शेवटच्या वर्षी मोठ्या कॉलेजात जे पैसे मिळतात ते युरोपातल्या पहिल्या नोकरीहून जास्त असू शकतात. मार्कीस नोवेल न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा, 5 फूट 8 इंच. लिटल रॉकमधून कॅन्सस स्टेटला गेला. मार्च 2023 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर, म्हणजे त्याच्या घरापासून काही मैलांवर, मिशिगन स्टेटविरुद्ध त्याने 19 असिस्ट दिले. एनसीएए स्पर्धेतल्या (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या) एका सामन्यातला विक्रम, तोही मधे घोटा दुखावून लंगडत परत आल्यावर. त्याने कोचशी भांडण केल्याचं नाटक केलं, बचावाचं लक्ष तिकडे गेलं, आणि त्याच क्षणी रिंगजवळ उंच बॉल फेकला. कियॉन्टे जॉन्सनने तो उलट्या हातांनी आत कोंबला. लिटल रॉकला राहिला असता तर हे कुणी पाहिलं नसतं. पण एक लक्षात ठेवा: एवढं करूनही तो ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. टोरांटोच्या टू-वे करारावर गेला.

म्हणून बदली घ्यायची ती फक्त तिथे, जिथे सुरुवातीपासून बॉल त्याच्या हातात असेल आणि कोच त्याला पूर्ण कोर्टवर बचाव करायला लावेल. मोठ्या नावाच्या कॉलेजात बाकावर बसून सामन्यामागे आठ मिनिटं खेळणारा 5 फूट 9 चा गार्ड कुणाच्याच वहीत नसतो. आणि पदवी? बदलीत काही क्रेडिट बुडतात, इंजिनिअरिंगची तर हमखास. वहिनींना सांगा, त्यांचं म्हणणं खेळाच्या हिशेबानेसुद्धा बरोबर आहे: बुटक्या गार्डला चार पूर्ण वर्षं कॉलेजात खेळणंच फायद्याचं. विसाव्या वर्षी लवकर उडी मारून ज्यांना कुणी ‘पुढे वाढेल’ म्हणून घेतं ते सगळे उंच असतात. आपल्यात वाढायचं काय राहिलंय? (उंचीनेही सगळं होत नाहीच. आपला सतनाम सिंग, 7 फूट 2 इंच, 2015 मध्ये 52 वा निवडला गेला. एनबीएचा एकही सामना खेळला नाही.)

कॉलेज संपल्यानंतरचे टप्पे पटकन सांगतो. एप्रिलमध्ये व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला शेवटच्या वर्षाच्या 64 खेळाडूंची स्पर्धा असते. बोलावणं आलं तर जायचंच, युरोपातले लोकही तिथे बसलेले असतात. मग संघांचे वर्कआऊट. उंची अनवाणी मोजतात, तेव्हा कागदावरचे 5 फूट 9 बहुतेक 5 फूट 8 निघतील, आत्ताच घरी भिंतीला उभा करून मोजा. हात पसरून पल्लाही मोजा. ड्राफ्टमध्ये फार तर 60 नावं. त्यात नसेल तर जुलैत समर लीग, आणि तिथून मिळतो तो बहुधा एक्झिबिट 10 नावाचा करार: सराव शिबिराला बोलावतात, मग सोडतात, आणि त्यांच्याच जी लीग संघात 60 दिवस राहिलात तर वरून बोनस. 2024-25 मध्ये तो जास्तीत जास्त 77,500 डॉलर होता. जी लीगचा नुसता पगार त्या हंगामाचा 43,000 होता. त्याच्या वर टू-वे करार, तेव्हा साधारण 5 लाख 78 हजारांचा, पण असे प्रत्येक संघात तीनच. साधे करार पंधरा. तीस संघांचे मिळून 540 जागा, आणि त्यात पॉइंट गार्ड किती ते तुम्हीच धरा.

इथे व्हॅनव्ह्लीटचा निर्णय समजून घ्यायचा. विचिटा स्टेटमध्ये चार वर्षं खेळून तो 2016 च्या ड्राफ्टमध्ये आला. दुसऱ्या फेरीत निवडून खालच्या लीगला पाठवायची तयारी काही संघांनी दाखवली होती, त्याने ती नाकारली. वरवर वेडेपणा. पण दुसऱ्या फेरीत निवड झाली की हक्क त्या संघाकडे अडकतात, आणि तिथे आधीच दोन गार्ड असले तर बसा वाट बघत. न निवडलेला खेळाडू आपल्याला हवा तो संघ निवडतो. त्याने टोरांटो निवडलं, पहिल्या वर्षी त्यांच्याच खालच्या संघाकडून विजेतेपद मिळवलं, 2019 मध्ये एनबीएचं, फेब्रुवारी 2021 मध्ये ऑर्लँडोविरुद्ध 54 गुण काढले, 2023 मध्ये ह्यूस्टनशी तीन वर्षांचा करार केला, सुमारे 13 कोटी डॉलरचा. तुमच्या मुलाला एजंट म्हणाला की 58 व्या क्रमांकावर निवडताहेत, तर आनंदाने पेढे वाटण्याआधी विचारा: त्या संघात आत्ता किती गार्ड आहेत आणि कुणाचा करार कधी संपतो?

आणि युरोप. होय, पोट भरतं. चांगलंही भरतं, पण सुरुवातीला नाही. माइक जेम्स, लमार नावाच्या टेक्सासमधल्या छोट्या कॉलेजचा, 6 फूट 1. 2012 मध्ये निवड नाही. झाग्रेब, इटलीत ओमेन्यासारखं लहान गाव, ग्रीसमध्ये ऱ्होड्स बेट, मग कुठे स्पेनमध्ये बास्कोनिया. जानेवारी 2024 मध्ये तो युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या सर्वात वरच्या क्लब स्पर्धेच्या, इतिहासात सर्वाधिक गुण काढणारा ठरला, आणि त्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही. शेन लार्किन 5 फूट 11, एनबीएत पहिल्या फेरीत निवडला गेलेला, तिथे बस्तान बसलं नाही. इस्तंबूलच्या एफेसकडून 2021 आणि 2022 मध्ये सलग युरोलीग जिंकला, 2019 मध्ये बायर्नविरुद्ध एका सामन्यात 49 गुण, तेव्हाचा विक्रम. तुर्कस्तानचं नागरिकत्व घेतलं आणि त्यांच्या राष्ट्रीय संघात खेळतो. युरोपात परदेशी खेळाडूंची संख्या बांधलेली असते, म्हणून पासपोर्ट हा तिथे जवळजवळ उंचीइतकाच महत्त्वाचा. आपल्या मुलांना याचा फायदा नाही: अमेरिकी पासपोर्ट युरोपात परदेशीच, आणि भारताच्या संघात खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो.

पहिली एक-दोन वर्षं दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये महिन्याला दीड-दोन हजार डॉलर, वर फ्लॅट आणि कधी कधी एक जुनी गाडी, असं धरून चाला. तिथे पगार उशिरा होणं नवीन नाही. माझा एक विद्यार्थी अशा एका क्लबात होता. नाताळनंतर पगार थांबला. फ्लॅटमधला हीटर बंद, क्लबचा माणूस रोज म्हणायचा, “सोमवारी.” मार्चमध्ये तो परत आला, दोन महिन्यांचे पैसे बुडवून. करारात लवादाचं कलमच नव्हतं, आणि ते मी वाचलं नव्हतं, कारण एजंट ओळखीचा होता. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, 2007 मध्ये यासाठीच लवाद न्यायाधिकरण सुरू केलंय, स्वित्झर्लंडमध्ये. करारात त्याचा उल्लेख असेल तर क्लबला पैसे द्यावेच लागतात, न दिल्यास नवे खेळाडू नोंदवायला बंदी येते. म्हणून करार आला की पगाराच्या आकड्याआधी ते कलम शोधा. रक्कम कर वजा करून आहे का, तारखेला पगार झाला नाही तर किती दिवसांनी खेळाडू मोकळा होतो, आणि दुखापत झाली तर पगार चालू राहतो का, हे तिन्ही लिहिलेलं हवं.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. एक, मुलाच्या या हंगामातल्या दोन पूर्ण सामन्यांचा व्हिडिओ, त्यातला एक मोठ्या कॉलेजविरुद्ध हरलेला. हायलाइट नकोत, त्यात सगळेच करी दिसतात. दुसरं, त्याला न सांगता त्या हरलेल्या सामन्यातली शेवटची दहा मिनिटं तुम्ही स्वतः बघा, आणि समोरच्या संघाने किती वेळा मुद्दाम त्याच्या माणसाकडून स्क्रीन लावून घेतली ते कागदावर मोजा. तो आकडा व्हिडिओसोबत पाठवा.